निवृत्त मिग-२१ चं कॉकपिट पुन्हा कसं उभं करतात? इजेक्शन सीटपासून घड्याळाच्या काट्यापर्यंत सगळी माहिती

२६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडमध्ये मिग-२१ ने भारतीय हवाई दलाचा निरोप घेतला. १९६३ मध्ये ते दाखल झालं तेही चंडीगडलाच. त्या दिवशीच्या रील्स तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिल्या असतील. पण या विमानाचं आणि महाराष्ट्राचं नातं रील्समध्ये फारसं दिसलं नाही. भारतात बनलेली मिग-२१ जोडली गेली ती आपल्या नाशिकजवळच्या ओझरला, हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात. इंजिन ओडिशातल्या कोरापुटहून यायचं, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादहून, आणि विमान म्हणून ते उभं राहायचं ओझरला.

निवृत्त झालेली अशी विमानं मग कुठे चौकात, कुठे कॉलेजच्या आवारात चबुतऱ्यावर बसतात. बाहेरून दरवर्षी रंग मिळतो. आत मात्र कबुतरं, कुंभारीण माशीची मातीची घरटी आणि काढून नेलेल्या यंत्रांची भोकं. मी आणि माझे पाच मित्र गेली दोन वर्षं शनिवार-रविवारी उत्तर महाराष्ट्रातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात अशाच एका मिग-२१ एम चं कॉकपिट सावरतोय. ‘एम’ हे ओझरला बनलेलं मॉडेल, हवाई दलाच्या भाषेत ‘टाइप ९६’. हे काम नेमकं कसं चालतं, त्यात धोका कुठे आहे आणि तुमच्या खिशातला फोन कुठे कामी येतो, ते या लेखात बघूया.

आधी ठरवा: चकाचक करायचंय की खरं ठेवायचंय?

हा प्रश्न स्क्रू-ड्रायव्हर उचलायच्या आधीचा आहे. कॉकपिट सावरायचे ढोबळमानाने तीन रस्ते आहेत. पहिला, ते कारखान्यातून बाहेर पडलं तेव्हा जसं होतं तसं नवंकोरं करायचं. दुसरा, ते शेवटच्या उड्डाणाच्या दिवशी जसं होतं तसं थांबवायचं, ओरखड्यांसकट. तिसरा, जुनं सगळं उपसून आत स्क्रीन, एलईडी आणि जॉयस्टिक बसवायची आणि सिम्युलेटर बनवायचा.

तिसरा रस्ता वाईट नाही, पण त्यासाठी खरं कॉकपिट लागतच नाही. प्लायवूडचा सांगाडा पुरतो. खऱ्या कॉकपिटमध्ये एकदा होल सॉ फिरवला की परत फिरता येत नाही. आम्ही दुसरा रस्ता धरला आणि एक नियम केला: आज जे बसवू ते उद्या कुणालाही काढता आलं पाहिजे, आणि काढल्यावर खालचं मूळ जसंच्या तसं सापडलं पाहिजे. पुढचं सगळं या नियमावरून ठरत गेलं.

परदेशात हा छंद बराच जुना आहे. ब्रिटनमध्ये अख्खं जेट ठेवायला जागा नसते, म्हणून लोक विमानाचं फक्त नाक कापून घेतात आणि गॅरेजमध्ये ठेवतात. नॉटिंगहॅमशायरमधल्या न्यूआर्क एअर म्युझियममध्ये अशा कॉकपिटवाल्यांचा ‘कॉकपिट-फेस्ट’ नावाचा मेळा भरतो. ट्रेलरवर कॉकपिट लादून माणसं येतात.

हात लावायच्या आधी तीन धोके

पहिला धोका म्हणजे बसायची सीट. मिग-२१ एम मध्ये केएम-१ नावाची इजेक्शन सीट असते. संकटात पायलटला विमानाबाहेर फेकायला तिच्यात काडतुसं असतात. कॅनॉपी, म्हणजे डोक्यावरचं पारदर्शक झाकण, उडवायलाही वेगळी काडतुसं असतात. दान दिलेल्या विमानातून ती काढलेली असायला हवीत. ‘असायला हवीत’ आणि ‘काढलेली आहेत’ यात फरक आहे. जाणत्या माणसाने तपासून लेखी दिल्याशिवाय आत बसायचं नाही, हँडल ओढून बघायचं नाही, सेल्फीसाठी तर नाहीच.

(जाता जाता: भारताला मिळालेली सगळ्यात पहिली मिग-२१ एफ-१३ प्रकारची होती. तिच्यात कॅनॉपी पुढच्या बाजूने उघडायची आणि इजेक्शनच्या वेळी सीटसोबतच जायची, पायलटसमोर ढालीसारखी. नंतरच्या मॉडेल्समध्ये ती उजवीकडे उघडणारी झाली. फोटोत कॅनॉपी कुठल्या बाजूला उघडली आहे ते बघून मॉडेलचा अंदाज बांधता येतो.)

दुसरा धोका रेडियम. आपल्याकडे बाइकच्या नंबर प्लेटवरच्या चमकणाऱ्या स्टिकरलाही आपण ‘रेडियम’च म्हणतो. त्यात रेडियम नसतं. ते फक्त समोरून आलेला प्रकाश परत फेकतं. जुन्या लष्करी यंत्रांच्या आकड्यांवर मात्र खरं रेडियम-२२६ असू शकतं. अंधारात स्वतःहून उजळावं म्हणून ते झिंक सल्फाइडमध्ये मिसळून रंगवायचे. झिंक सल्फाइड काही दशकांत थकतं आणि चमक जाते. रेडियम थकत नाही, निम्मं व्हायलाच त्याला सुमारे १६०० वर्षं लागतात. म्हणजे आकडे चमकत नाहीत म्हणून घड्याळ सुरक्षित, हा हिशेब साफ चुकीचा.

काच शाबूत असेल तर धोका कमी असतो. काच फुटली, रंगाची पूड झाली आणि ती श्वासातून किंवा हाताला लागून पोटात गेली, की खरी अडचण. म्हणून यंत्राची काच उघडायची नाही, हातमोजे घालायचे, आणि कॅनॉपी तासभर उघडी ठेवूनच काम सुरू करायचं, कारण रेडियमपासून रेडॉन वायू निघतो आणि बंद जागेत साचतो. तपासायला फोनचं ॲप चालणार नाही. कॅमेऱ्यावर काळी टेप लावून रेडिएशन मोजण्याचा दावा करणारी ॲप्स या कामाच्या भरवशाची नाहीत. सोपा उपाय म्हणजे जवळच्या कॉलेजची फिजिक्सची लॅब. तिथे गायगर काउंटर बहुतेक वेळा असतोच, एम.एस्सी. च्या प्रयोगांसाठी. आम्ही तिथल्या सरांना बोलावून एकेक यंत्र तपासून घेतलं. काउंटर जिथे जोरात टिकटिकला, ते यंत्र पिशवीत बंद करून, नाव लिहून वेगळं ठेवलं. असं यंत्र भंगारात टाकायचं नाही आणि ऑनलाइन विकायचं तर मुळीच नाही. किरणोत्सारी वस्तूंचे नियम अणुऊर्जा नियामक मंडळाचे आहेत आणि पुढचं त्यांच्याच सल्ल्याने होतं.

तिसरा धोका रंग. त्या काळच्या विमानांत ॲल्युमिनियम गंजू नये म्हणून क्रोमेटचा पिवळसर प्रायमर लावत. स्क्रूंवर कॅडमियमचा मुलामा असू शकतो. दोन्हींची धूळ विषारी. त्यामुळे सुका पॉलिश पेपर घासणं बंद. कबुतरांच्या विष्ठेचंही तेच: आधी ओली करायची, एन-९५ मास्क लावायचा, मग काढायची.

पहिले दोन महिने फक्त फोटो

इथे फोन सगळ्यात जास्त उपयोगी पडला. आम्ही कॉकपिटचे चौकोन पाडले, प्रत्येकाला नंबर दिला आणि प्रत्येक चौकोनाचे तीन फोटो काढले: समोरून, बाजूला पट्टी धरून, आणि तिसरा टॉर्च अगदी आडवी धरून. तिसऱ्यात खरी मजा आहे. समोरून जिथे काहीच दिसत नाही तिथे आडव्या उजेडात पुसलेली अक्षरं, पेन्सिलीच्या रेघा, जुन्या स्क्रूंचे वळ उठून दिसतात. यंत्रांच्या मागच्या पट्ट्यांवर रशियन अक्षरं होती. ती फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतरित केली. भाषांतर कधीकधी विनोदी निघतं, पण मॉडेल नंबर तरी कळतो.

निघालेला प्रत्येक स्क्रू वेगळ्या झिप पिशवीत, पिशवीवर चौकोनाचा नंबर, आणि तोच नंबर स्प्रेडशीटमध्ये. कंटाळवाणं काम आहे. पण याशिवाय पुढे गेलात तर सहा महिन्यांनी तुमच्याकडे कॉकपिट नसून स्क्रूंचा डबा असेल.

याच काळात आम्हाला एक काका भेटले. ओझरच्या कारखान्यात त्यांनी उभं आयुष्य यंत्रं बसवण्यात काढलं. वय चौऱ्याहत्तर. त्यांना चबुतऱ्याच्या शिडीवरून वर आणलं, तेव्हा आम्ही डाव्या हाताच्या थ्रॉटलजवळचा रंग उडालेला पट्टा भरून काढायचं ठरवत होतो. ते म्हणाले, “अरे, तो राहू द्या. तिथे सगळ्यांचा हातमोजा घासायचा. रंग आम्ही पूर्ण दिला होता, उडवलाय तो पायलट लोकांनी.” तो पट्टा आम्ही तसाच ठेवला आहे. कॉकपिटमध्ये माणसं बसत होती, याचा आमच्याकडचा सगळ्यात चांगला पुरावा तोच आहे.

त्यांच्या परवानगीने त्यांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड केलं: कुठला स्विच कशाचा, कुठलं झाकण कुठल्या बाजूला उघडतं, कुठली तार जोडताना बोटं सोलायची. छापील पुस्तकात स्विचचं नाव मिळतं, हे मिळत नाही. मागच्या दिवाळीपासून त्यांना शिडी चढणं जमत नाही. आता आम्ही फोटो घेऊन त्यांच्या घरी जातो. एखाद्या फोटोवर ते बराच वेळ बोट ठेवून बसतात आणि म्हणतात, “हे मला माहीत होतं रे.” स्प्रेडशीटमध्ये अशा नोंदींचा रकाना वेगळा आहे आणि तो भरत चाललाय. तुमच्या ओळखीत असं कुणी असेल, तर रंगाचा डबा नंतर आणा, आधी रेकॉर्डर चालू करा.

डायलच्या आत काय आहे? (आणि तेच तुमच्या फोनमध्ये कसं आहे?)

उंचीमापकापासून सुरू करू. त्याच्या आत पातळ, नालीदार पत्र्याची एक बंद डबी असते. तिच्यातली हवा काढून टाकलेली असते. विमान वर गेलं की बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो, डबी फुगते आणि दात्यांच्या चाकांमधून काटा फिरतो. बॅटरी नाही, वायर नाही. तुमच्या फोनमध्ये बॅरोमीटर असेल (स्वस्त फोनमध्ये बहुधा नसतो), तर तत्त्व हेच आहे. डबीच्या जागी सिलिकॉनचा सूक्ष्म पडदा असतो. जमिनीजवळ साधारण सव्वाआठ मीटर वर गेलं की दाब १ हेक्टोपास्कलने उतरतो. म्हणजे एक मजला चढलात तर साधारण ०.३५ चा फरक. फोनला तो कळतो.

याचा फायदा असा, की उंचीमापक विजेशिवाय जिवंत आहे का ते तपासता येतं. त्याच्या मागच्या तोंडाला नळी लावायची, नळीला मोठी सिरिंज, आणि दट्ट्या अगदी हळू, केसभर ओढायचा. काटा हलला! आमच्या उंचीमापकाचा काटा कितीतरी वर्षांनी चारशे मीटर चढला आणि दट्ट्या सोडल्यावर परत आला. वेगमापकाला उलट हलकासा दाब द्यावा लागतो. तोंडाने फुंकायचं नाही. ओलावा आत जातो आणि जास्त दाबाने आतली डबी कायमची वाकते. हे डायल मीटर आणि किलोमीटर प्रतितास दाखवतात, फूट आणि नॉट नाही. सोव्हिएत वारसा.

कृत्रिम क्षितिजाची गोष्ट वेगळी. विमान किती कललंय ते हे यंत्र सांगतं. त्याच्या पोटात खरोखर फिरणारा भोवरा असतो. वेगाने फिरणारा भोवरा आपली दिशा सोडत नाही, आणि त्याच्या तुलनेत विमान किती कललं ते मोजता येतं. सोव्हिएत विमानांत अशा भोवऱ्यांना ३६ व्होल्ट, ४०० हर्ट्झ, थ्री-फेज वीज दिली जायची. आपल्या घरात ५० हर्ट्झ असते. ४०० का? वारंवारता वाढली की तेवढ्याच कामाला ट्रान्सफॉर्मर आणि मोटर लहान व हलकी चालते, आणि विमानात प्रत्येक किलो मोलाचा. दुसरं म्हणजे, दोन ध्रुवांची मोटर ४०० हर्ट्झवर मिनिटाला २४,००० फेऱ्यांपर्यंत जाऊ शकते. भोवऱ्याला हेच हवं असतं.

तुमच्या फोनमध्येही जायरोस्कोप आहे. पण त्यात काहीही गोल फिरत नाही. सिलिकॉनचा एक अतिसूक्ष्म तुकडा सतत थरथरत असतो. फोन वळला की त्या थरथरीला बाजूचा धक्का बसतो आणि तो मोजला जातो.

अजून एक गंमत. फ्लाइट गेम्समध्ये तुम्ही बघता ते पाश्चात्त्य पद्धतीचं क्षितिज: विमानाचं चिन्ह स्थिर आणि मागची रेघ कलते. मिगच्या यंत्रात विमान वळलं की विमानाचं छोटं चिन्हच कलतं आणि क्षितिज आडवं राहतं, जणू तुम्ही मागून बघताय. प्रतिकृती बनवताना बरेच जण इथे फसतात आणि इंटरनेटवरचं पाश्चात्त्य ग्राफिक चिकटवून टाकतात. जाणकार माणूस ते पाहताक्षणी ओळखतो.

आणि घड्याळ! मिगमधलं एसीएचएस-१ हे किल्लीचं घड्याळ आहे. एकाच चेहऱ्यावर तीन कामं: नेहमीची वेळ, वरच्या छोट्या डायलवर उड्डाणाचा काळ आणि खालच्या डायलवर स्टॉपवॉच. जुन्या बाजारात हे घड्याळ हमखास दिसतं. त्याच्या काही जुन्या आवृत्त्यांवर रेडियम आहे, म्हणून वरचा परिच्छेद वाचल्याशिवाय घासाघीस करू नका.

डायलखेरीज दोन गोष्टी मला फार आवडतात. पॅनेलवर मधोमध एक उभी पांढरी रेघ रंगवलेली असते. विमान गिरकी घेत खाली पडायला लागलं की गोंधळलेल्या पायलटने स्टिक नेमकी मध्यावर आणावी, यासाठी ती खूण. पॅनेल रंगवताना ती झाकली, की कॉकपिटचा एक शब्द पुसला. दुसरी म्हणजे ब्रेक. चाकांचा ब्रेक स्टिकवर आहे, बोटांनी दाबायचा, अगदी सायकलसारखा. दाबल्यावर दाबाखालची हवा चाकांपर्यंत जायची. पायातल्या पेडलने फक्त डावं की उजवं ते ठरायचं. आमच्या स्टिकचा तो खटका घट्ट बसला होता. तेल मुरवत मुरवत तीन आठवड्यांनी सुटला.

सफाई, काच आणि रंग

याबद्दल फार सांगण्यासारखं नाही, फक्त ‘करू नका’ची यादी मोठी आहे. कॅनॉपी अ‍ॅक्रिलिकची असते. तिच्यावर खिडकीच्या काचेचा स्प्रे, थिनर किंवा सॅनिटायझर मारला तर बारीक तडांचं जाळं उमटतं आणि ते परत जात नाही. साधं साबणाचं पाणी, सुती कापड. ओरखडे घालवायचेच असतील तर पाण्यात भिजवलेला बारीक, मग आणखी बारीक पेपर आणि शेवटी प्लास्टिक पॉलिश. हात दुखतात.

आतला रंग हिरवट-निळा असतो, सोव्हिएत कॉकपिटची ओळखच ती. शेड जुळवताना फोनच्या फोटोवरून रंग मागवू नका, कारण फोन रंग आपल्या मनाने ‘सुधारतो’. जिथे ऊन कधीच पोचलं नाही अशा कोपऱ्यातला, एखाद्या यंत्राखालचा तुकडा दुकानात नेऊन डोळ्याने जुळवा. आणि नवा रंग फक्त जिथे धातू उघडा पडलाय तिथेच.

वीज द्यायची का?

जुन्या तारांना नाही. पन्नास वर्षांच्या इन्सुलेशनवर विश्वास ठेवून २८ व्होल्ट सोडणं म्हणजे आगीला आमंत्रण. आम्ही जुन्या तारा जागेवर ठेवल्या आणि शेजारून १२ व्होल्टची वेगळी लाइन नेली, प्रत्येक शाखेला फ्यूज लावून. ती धाग्याने बांधली आहे. एकही भोक नवीन नाही. दिवे लाल ठेवले, कारण मंद लाल उजेडात अंधाराला सरावलेले डोळे बिघडत नाहीत. रात्री उडणाऱ्या पायलटला आतले डायल आणि बाहेरचा काळोख दोन्ही दिसायला हवेत.

भोकांचं काय?

चालणारी यंत्रं सुट्या भागांसाठी आधीच काढून घेतलेली असतात, त्यामुळे पॅनेलला भोकं असणारच. आमच्यात सात होती. तीन आम्ही रिकामी ठेवून मागे काळा पत्रा लावला. चारमध्ये थ्री-डी प्रिंट केलेल्या प्रतिकृती बसवल्या. त्यात गाडीच्या डॅशबोर्डमध्ये असते तशी छोटी स्टेपर मोटर आणि अर्डुइनो, म्हणजे काटे फिरतात. प्रत्येकीच्या मागे ‘प्रतिकृती’ असं कोरलंय आणि तारीखही. मूळ यंत्राचं पोट फाडून त्यात मोटर घालायची सूचना आली होती. ती आम्ही घेतली नाही.

प्रिंट करताना एक लक्षात ठेवा. पीएलए हे सगळ्यात सोपं प्लास्टिक साधारण ६० अंशांना मऊ पडतं. जळगाव-भुसावळकडच्या मे महिन्यात बंद कॅनॉपीखाली काय होईल ते सांगायला नको. एएसए किंवा एबीएस वापरा, आणि कॅनॉपीवर पांढरं कापडी आच्छादन घाला. रडारच्या पडद्यावरच्या रबरी टोपाला तडे गेलेत तेही उन्हानेच.

प्रत्यक्ष कुठे बघाल?

दिल्लीत पालमला हवाई दलाचं संग्रहालय आहे आणि बंगळुरूला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचं. मुंबईकरांना वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात मारुत हे भारतात बनलेलं जेट बघता येईल. गोव्याला गेलात तर बोगमाळो रस्त्यावर नौदलाचं विमान संग्रहालय आहे. तिथे सी हॉक आणि सी हॅरियर उभी आहेत. जाताना टॉर्च न्या, आणि कॉकपिटजवळ जाता आलं तर डावीकडे थ्रॉटलपाशी रंग कुठे उडालाय ते बघा. फोटो काढायला परवानगी लागते का, ते आधी विचारा.